बापूचं विलायती मशीन

बापू, परवा आपलं मशीन बघायला एक माणूस येऊन गेला. तू असतास तर आधी त्याला शेडच्या दारात उभा करून उलटतपासणी घेतली असतीस आणि चहाचं नंतर बघितलं असतंस. मी आधी चहा दिला. तू गेल्यापासून माझं असंच चाललंय. जिथं भांडायला पाहिजे तिथं मी चहा करते.

त्याला बोलावलं तुझ्या अमोलनं. पोराला नावं ठेवू नकोस. तेरावं झालं, पाहुणे पांगले आणि कुंडलच्या घरात मी आणि शेडमधलं ते करवतीचं मशीन, दोघंच उरलो. अमोलला नोकरीवर साताऱ्याला परत जायचं होतं. जाण्याआधी माझ्यासमोर बसून म्हणाला, "आत्या, मशीन दोन माणसांचं. बाबा न्हाईत. तू एकटी हितं करणार काय? चल माझ्याकडं." त्याचं चुकलं कुठं? मशीन विकलं की शेड रिकामी, आणि शेड रिकामी झाली की मला कुंडलात राहायला कारण उरत नाही. हे त्यालाही समजत होतं आणि मलाही. त्यानं ते तोंडानं बोलायचं टाळलं, एवढा तो चांगला आहे. तुझ्यावर गेला नाही.

मशीन दिसायला तसं देखणं नाहीच. कमरेएवढ्या उंचीचं काळं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं टेबल, मधोमध फट, फटीतून वर आलेलं अर्धं गोल पातं, खाली पट्टा आणि मोटर. पुढं उभा राहणारा फळी ढकलतो, मागं उभा राहणारा चिरून आलेले दोन्ही भाग धरतो, सावरतो, ढिगाला लावतो. पुढं तू, मागं मी. आमचे हे गेल्यावर मी सासरहून परत आले, त्याच सुमाराला तू हे मशीन घेतलंस आणि मला रडायला फारसा वेळ न देता त्याच्या मागं उभं केलंस. गावातल्या बायका म्हणाल्या, सख्ख्या बहिणीला हमालीला लावली. तुझ्या बायकोनं, सुमननंही तुला सुनावलं. तू भाकरी मोडत म्हणालास, "घरात बसली तर ती भिंतीसंगं बोलंल. हितं निदान माज्यासंगं भांडंल." मला तेव्हा तुझा राग आला होता. आज त्या एका वाक्यासाठी तुझे पाय धरावेसे वाटतात, पण तू धाकटा, धरू कशी?

लोणंदचा तो दिवस तुला आठवत असणार. स्टेशनाच्या मागं एक जुनं लाकूडकामाचं दुकान मोडत होतं. तू मला बरोबर नेलंस, कारण तुझ्या म्हणण्याप्रमाणं मला बघून माणसं खोटं कमी बोलतात. कोपऱ्यात पोत्यांखाली हे मशीन होतं. तू पोती बाजूला केलीस आणि मग दुकानदाराकडं बघायचंच विसरलास. बारक्या हातोडीनं टेबलाचे चारी कोपरे वाजवलेस. खणखणीत आवाज आला तर बिडाला चीर नाही, भद्द आला तर कुठंतरी आहे, हे मला तिथंच शिकवलंस. मग पोलादी पट्टी टेबलावर आडवी-तिडवी धरून तिच्याखालून उजेड दिसतो का बघत राहिलास. पट्टा उतरवलास आणि डोळे मिटून हातानं शाफ्ट फिरवलास, कान इतका जवळ नेऊन की दुकानदार घाबरला. मला म्हणालास, "आक्का, हात लाव." मी लावला. "काय वाटतंय?" "गार हाय," मी म्हणाले. "गार न्हवं गं. विलायती हाय."

मी म्हणाले, "गावठी हाय."

खरं सांगते, त्या क्षणी मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तू इतका खूश झाला होतास की तुला जरा खाली आणावंसं वाटलं, थोरल्या बहिणीला वाटतं तसं. पण एकदा म्हणाले ते म्हणाले. मग मला त्याची कारणं शोधावी लागली, आणि शोधता शोधता मला ते खरंच वाटायला लागलं.

टेंपोतून येताना तू सगळा रस्ताभर मागच्या हौद्यात मशिनीला धरून उभा होतास. मी पुढं ड्रायव्हरशेजारी. दर चढाला तू पत्रा वाजवायचास आणि ड्रायव्हर विचारायचा, "बाई, पाव्हणं दुखणंकरी हायत काय मागं?" मी म्हटलं, "न्हाई, नवरी घिऊन चाललाय." घरी आल्यावर सुमननं मशिनीला ओवाळलं, तेव्हा तिचं तोंड बघण्यासारखं होतं.

मग सुरू झालं ते आपलं भांडण. मशिनीच्या पुढच्या अंगाला जिथं कंपनीचं नाव ओतलेलं असतं, तिथं कानशीनं घासलेली जागा आहे. सगळं नाव गेलंय, शेवटच्या एका अक्षराचा पाय तेवढा राहिलाय. तू त्या पायावर बोट ठेवून म्हणायचास, "नाव घासलंय म्हंजी नाव हुतं. गावठीला कोण नाव घालतंय?" मी म्हणायची, "नाव दुसऱ्याचं हुतं म्हणून तर घासलं. स्वताचं कोण घासंल?" एकच खूण, आणि ती दोघांच्याही बाजूनं साक्ष द्यायची. असा साक्षीदार कोर्टात मिळाला असता तर खटला अजून चालला असता.

तुझी दुसरी खूण टेबलाची. आताच्या मशिनीत पातं कलतं आणि टेबल सरळ राहतं. आपल्यात पातं जागचं हलत नाही, तिरकं कापायचं तर खालचं चाक फिरवून सगळं टेबल कलवायचं. तू गिऱ्हाइकांना, पाहुण्यांना, वीजबिल द्यायला आलेल्याला सुद्धा ते चाक फिरवून दाखवायचास. "ही जुन्या विलायतीची चाल बगा." मी मागून म्हणायची, "जुनं हाय एवढंच खरं. नक्कल करणारा चालीसकट करणार का न्हाई?" तिसरी खूण बोल्टांची. त्यांना मिलीमीटरचा पाना बसत नाही, सुताचाच, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाच्या मापाचाच लागतो. तू म्हणालास, इंग्रजांचं माप. मी म्हणाले, "आबा बी सुतातच मापायचे. आबा काय लंडनला जन्मलं हुतं?" त्या दिवशी तू जेवला नाहीस. आपल्या वडलांना मध्ये आणलेलं तुला आवडलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तूच म्हणालास, "आबा आसते तर माज्याच बाजूनं बोलले आसते."

रशीदभाईला आपण किती वेळा पंच केलं. सायकलवर कानशी आणि दगड घेऊन तो पात्यांना धार लावायला यायचा, एकाआड एक दात डावी-उजवीकडं वाकवायचा, आणि आपण दोघं दोन्ही कानांशी. त्यानं कधी निकाल दिला नाही. म्हणायचा, "बापूचं बी खरं, आक्काचं बी खरं. मला दोघांचा च्या प्याचा हाय." मी एकदा चिडून त्याचा चहा बंद केला, तर तो तुझ्याकडून दोन कप प्यायला आणि तरीही निकाल दिला नाही.

एक गोष्ट मी तुला कधी नीट सांगितली नाही. चिडवण्याच्या नादात ती राहूनच गेली. मला मशीन गावठी असावं असं वाटायचं, ते तुला हरवायला नव्हे. मला वाटायचं, आपल्याच भागातल्या कुठल्यातरी फाउंड्रीत कुणीतरी एक विलायती मशीन बघितलं असेल. दिवसभर बघत बसला असेल, तू लोणंदला बसलास तसा. मग त्यानं त्याचा साचा घेतला, मातीत दाबला, बीड ओतलं. परक्याचं नाव घासून टाकलं, पण स्वतःचं घालायचा धीर झाला नाही. तू त्याला चोर म्हणायचास. मी म्हणायची, "चोर न्हाई, शिकाऊ हाय त्यो." तू हसायचास आणि पाटणहून आलेली ऐनाची फळी टेबलावर चढवायचास. मला जे म्हणायचं होतं ते त्याच्या पुढचं होतं. मी सुद्धा तशीच होते, बापू. तुझं बघून शिकलेली, नाव नसलेली. हे फळी चिरताना कसं सांगणार?

तू मशिनीपुढं कधी सरळ पात्याच्या रेषेत उभा राहिला नाहीस. कायम डावीकडं अर्धं पाऊल. पहिल्या वर्षी मला ते नखरे वाटायचे. मग एक दिवस ओल्या बाभळीची फळी चिरताना दोन्ही भाग मिटले आणि पातं आवळलं गेलं. फळी अशी उलटी उडाली की तुझ्या कमरेशेजारून गेली आणि तुझ्या पाठीमागच्या भिंतीशी ठेवलेला माठ फुटला. सगळी शेड पाणी पाणी. तू बटण बंद केलंस, फुटक्या माठाकडं बघितलंस आणि म्हणालास, "मशिनीला तहान लागलीती." त्यानंतर पात्यामागं लोखंडी पाचर बसवलीस, चिरलेले भाग मिटू नयेत म्हणून. माझ्यासाठी बसवलीस हे मला माहीत होतं. कारण उडालेली फळी तुझ्याकडं येणार, पण तू पडलास तर मी एकटी उरणार, हे तुला माझ्याआधी कळलं होतं.

तुला आंघोळ घालताना माणसांनी मला बाजूला बसवलं होतं. तरी मी तुझा हात एकदा हातात घेतला. रशीदभाई दाराशी उभा होता. तो म्हणाला, "करवतीवर जल्म काडला आणि दहाच्या दहा बोटं संगं घिऊन निघाला. लय मोटी कमाई हाय आक्का." जमलेल्या बायकांना ते अवघड वाटलं. मला नाही वाटलं. आपल्या धंद्यात ज्याच्या हाताला सगळी बोटं आहेत तो एकतर नवीन असतो नाहीतर फार शहाणा. तू कधी नवीन होतास ते मला आठवत होतं.

आणि सांगलीच्या दवाखान्यातली ती शेवटची संध्याकाळ. तोंडावर मास्क, नाकात नळी. तू मास्क हातानं वर केलास आणि म्हणालास, "आक्का, ते मशीन..." तेवढ्यात नर्सबाई आली, मास्क परत खाली ओढला आणि प्रेमानं म्हणाली, "काका, बोलायचं न्हाई." तू माझ्याकडं बघत राहिलास. मी म्हणाले, "ऱ्हाऊ दे. घरी गेल्यावर भांडू." मला काय माहीत? तू काय म्हणणार होतास? मशीन विलायती हाय, असं? मशीन विकू नकोस, असं? का मी हरलो, असं? तुझा स्वभाव बघता ते नसणार. पण आजारी माणसाचा काय नेम. रोज एकदा तरी मी ते वाक्य तुझ्या तोंडून पुरं करून बघते, आणि दर वेळी निराळं करते.

आता परवाचं सांगते.

हा माणूस कोल्हापूरकडचा. जुनी मशिनं घेतो, साफ करतो, तेलपाणी करून मोठ्या हॉटेलांना आणि बंगल्यांना शोभेला देतो. तिथं ती कापत नाहीत, नुसती उभी राहतात, माणसं शेजारी उभं राहून फोटो काढतात. बोलायला मात्र नम्र. चहा संपवून त्यानं सरळच सांगितलं, "मावशी, मला विलायतीच पायजे. गावठी न्हेऊन माझा उपेग न्हाई, गिऱ्हाईक पयलं त्येच इचारतंय. तुमचं काय म्हणणं हाय? तुमी तर जल्मभर वापरलंय."

अमोल माझ्याकडं बघायला लागला. त्याच्या चेहऱ्यावर थोडं हसू होतं. लहानपणापासून त्यानं आपली भांडणं ऐकलेली. आत्या आता काय म्हणणार हे त्याला पाठ होतं. आणि मला तेवढंच करायचं होतं बघ. सगळ्या आयुष्यात जे म्हणत आले ते आणखी एकदा म्हणायचं. तो माणूस उठून गेला असता, मशीन राहिलं असतं, आणि मशिनीबरोबर मीही.

मी म्हणाले, "विलायती हाय."

अमोलचा कप हातातच राहिला. "आत्या, तू तर..."

"गप बस," मी म्हणाले.

का म्हणाले, ते मला अजून नीट सांगता येत नाही. तुझी बाजू मांडायला तिथं कुणी नव्हतं, एवढंच मला दिसलं. तू नसताना तुझ्या पाठीमागं गावठी म्हणणं हे मला चहाडी केल्यासारखं वाटलं.

तो माणूस शेडमध्ये आला. त्यानंही आधी टेबलाचे कोपरे वाजवले. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. मग त्यानं टेप काढला, अमोलला एक टोक धरायला लावलं, मोबाईलवर काहीतरी उघडून बघितलं आणि परत मापलं. म्हणाला, "मावशी, खरं मशीन कुठल्या कंपनीचं ते मी वळखलंय. मी तसली बगितल्याती. पण ह्ये टेबल त्याच्यापरीस तीन सूत कमी हाय."

"मग?"

"वितळलेलं बीड थंड हुताना आकसतंय. खऱ्या मशिनीचाच साचा केला आणि त्यात बीड ओतलं, तर निगालेलं टेबल जरा बारकं निगतंय. ह्याचा बाप विलायती आसंल. ह्यो न्हवं."

बापू, इतक्या वर्षांत हे तुला सुचलं नाही आणि मलाही नाही. मी तुला हजार वेळा ज्यात गाठायला बघत होते ते त्यानं एका टेपात केलं. आणि मला आनंद होण्याऐवजी असा संताप आला की माझा आवाज चढला. "तुमी मापायला चुकलाय." त्यानं बिचाऱ्यानं परत मापलं. तीन सूत कमी. "कुणीतरी कडा घासून घेतल्या आसतील." तो म्हणाला, "कडंला हात लावून बगा मावशी. वतताना आलेला खरखरीतपणा तसाच हाय. घासली आसती तर गुळगुळीत लागली आसती." मी हात लावला. खरखरीत होती. रोज त्या कडेला पोट टेकून मी उभी राहायची, मला कधी कळलं नव्हतं. मग मी तुझं सगळं एकामागून एक काढलं. टेबल कलतं, ते दाखवलं. सुताचा पाना आणून बोल्टाला लावला. शेवटी त्या घासलेल्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, "नाव घासलंय म्हंजी नाव हुतं."

तो शांतपणे म्हणाला, "नाव दुसऱ्याचं हुतं, म्हणून तर घासलं मावशी."

माझं वाक्य. परक्या माणसाच्या तोंडून. बापू, मला ते अजिबात आवडलं नाही. तुझ्याजागी उभी राहून ते ऐकल्यावर कळलं, ते ऐकायला किती बोचतं. आणि तू ते इतकी वर्षं ऐकून घेतलंस आणि वर मला बाजारातून कुंदा आणून द्यायचास.

जाताना तो अमोलला म्हणाला, भंगाराच्या वजनानं द्यायचं असेल तर एका ओळखीच्याला पाठवतो. मी नाही म्हणाले, आणि अमोलही म्हणाला, नाही. दारात चपला घालता घालता तो माणूस परत वळला. "एक मात्र हाय मावशी. ज्यानं कुणी वतलंय त्यानं लय निगुतीनं वतलंय. कुटं फुगा न्हाई, चीर न्हाई. नाव घालायला पायजे हुतं त्यानं." मी म्हणाले, "धीर झाला नसंल." तो म्हणाला, "आसंल." तू तिथं असायला हवा होतास. तुझी बाजू पडली असती, पण तुला तो माणूस आवडला असता.

अमोल माझ्याजवळ येऊन म्हणाला, "आत्या, जिंकलीस की तू." मी चहाची भांडी उचलून आत गेले. तो मागोमाग आला आणि मोरीशी उभा राहिला. मग म्हणाला, "न्हाई विकत. ऱ्हाऊ दे. तुला वाटंल तवा ये साताऱ्याला." संध्याकाळच्या गाडीनं तो गेला. जाताना त्यानं मशिनीला हात लावून नमस्कार केला, तू खंडेनवमीला करायचास तसा. मला वाटलं नव्हतं त्यानं ते बघून ठेवलं असेल.

म्हणजे मशीन राहिलं. मी राहिले. पण अमोल खोटं बोलत नव्हता, मशीन दोन माणसांचंच आहे. पुढं कुणी ढकलणारं आणि मागं कुणी धरणारं नसेल तर लांब फळी चिरता येत नाही. तिचं मागचं टोक हवेत लोंबतं, वजनानं खाली जातं आणि पात्यावर पुढचं उचललं जातं. मी चौकटीवाल्या दोघांना निरोप पाठवला की आता आपल्याकडं चौकटी होणार नाहीत. शेडच्या कोपऱ्यात तुकडे पडले होते, त्यांतले आंब्याचे आणि सागाचे निवडले. पोळपाट होतील, पाट होतील, बारकी स्टुलं होतील. मशीन तेच, फक्त लाकूड आखूड झालं. मी ठरवलं, एवढ्यात भागवायचं.

काल दुपारी मी पहिल्यांदा मशिनीच्या पुढच्या बाजूला उभी राहिले. तुझ्या जागी म्हणवत नाही, म्हणून पुढच्या बाजूला म्हणते. बटण बंद असताना पातं हातानं फिरवून बघितलं, दात कुठं लागत नाहीत ना. फळीच्या जाडीपेक्षा पातं जरासंच वर राहील असं टेबल खालीवर केलं. साडीचा पदर खोचला, बांगड्या काढून खिडकीत ठेवल्या. डावीकडं अर्धं पाऊल सरकले. शेवटच्या विताला बोटं पुढं न्यायची नाहीत, काठीनं ढकलायचं, हे सगळं मी मागून बघितलेलं होतं. बटण दाबलं. पुढून मशिनीचा आवाज निराळा येतो, बापू. मागं तो अंगावर येतो, पुढं तो दूर जात राहतो. आणि पुढून समोर बघितलं तर मागची जागा सरळ दिसते. तू दिवसभर मलाच बघत होतास. मला आपलं वाटायचं, तुझं लक्ष रेघेवर असतंय.

तुकडा चांगला चिरला गेला. दोन्ही भाग टेबलावरच राहिले, धरायला कुणी लागलं नाही. मी बटण बंद केलं.

आपलं पातं बटण बंद केल्यावर लगेच थांबत नाही. जड पुली त्याला फिरवत ठेवते आणि ते सावकाश थांबतं. ते थांबेपर्यंत टेबलावर हात न्यायचा नाही, हा तुझा कडक नियम. मोटरीचा आवाज गेलेला, पातं अजून फिरतंय, हात मोकळे. आपलं सगळं बोलणं त्या तेवढ्या वेळात झालं. सुमनचं आजारपण, तिचं जाणं, अमोलचं लग्न, माझी गुडघेदुखी. आणि नाहीच काही सुचलं तर विलायती का गावठी.

मी हात पाठीमागं घेतले आणि म्हणाले, "बापू, विलायतीच हाय रं मशीन. तुजंच खरं. मी हारले."

मोठ्यानं म्हणाले. शेडमध्ये कुणी नव्हतं, लाजायचं कारण नव्हतं. पातं फिरत होतं. तू असतास तर ते थांबायच्या आत गावभर केलं असतंस. रशीदभाईला निरोप गेला असता. मला ते वाक्य परत एकदा आणि साक्षीदारांपुढं म्हणायला लावलं असतंस. मी पातं पुरतं थांबेपर्यंत उभी राहिले, आणि त्यानंतरही जरा वेळ.

तुला नेलं तेव्हा सगळ्या बायका मला म्हणत होत्या, आक्का, रडा, मोकळ्या व्हा. मला रडू येत नव्हतं. त्यांना वाटलं, बाई घट्ट काळजाची. तसं नव्हतं. माझा विश्वासच बसला नव्हता. पण माझी हार ऐकून तू गप्प राहिलास, बापू. तू गेलास हे मला काल दुपारी पटलं.